एका फळीवरचे रविवार

पेंटरचा बोर्ड आरे कॉलनीतल्या एका बाईने पाणी तापवायला चुलीत घातला आणि त्या धक्क्याने त्याने चित्रं काढणं सोडलं, ही गोष्ट आपल्या ड्रॉइंग ऑफिसातल्या बहुतेक मंडळींना ठाऊक आहे. निवृत्तांच्या सहलीत दरवर्षी कोणीतरी ती सांगतंच. ती खोटी आहे. ती मी पसरवली.

गेल्या महिन्यात घाटकोपरच्या बुद्धविहारात, पेंटर गेल्यानंतर, त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तिथेही एकाने माइकवर तीच गोष्ट सांगितली. लोक हसले, जरा मोकळे झाले. त्यानंतर माझी पाळी होती. मी दोन मिनिटं उभा राहिलो, तो फार काटेकोर ट्रेसर होता असं काहीबाही बोललो आणि खाली बसलो. घरी आल्यावर आपल्या निवृत्तांच्या अंकाच्या संपादकांना फोन करून ही पानं मागून घेतली. मी शहात्तर वर्षांचा आहे. पुढच्या अंकाची वाट बघणं मला परवडणारं नाही.

त्याला पेंटर हे नाव मुलुंडच्या कारखान्यातच पडलं. आगीच्या लाल बादल्यांवर ‘आग’ असं लिहिण्याचं काम कंत्राटदाराने अर्धवट टाकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तपासणी होती. नोकरीला लागून सहा महिने झालेल्या या माणसाने दुपारच्या सुट्टीत आणि नंतर तासभर थांबून सगळ्या बादल्या लिहून काढल्या. कोणत्याही दोन बादल्यांवरची अक्षरं मात्र एकसारखी नव्हती. कँटीनजवळची ‘आग’ बुटकी आणि जाड, रंगाच्या कोठाराजवळची उंच आणि टोकदार. साहेबांनी बोलावून विचारलं, तर म्हणाला, कँटीनची आग आणि कोठाराची आग सारखी कशी असेल? त्या बादल्या कारखाना बंद होईपर्यंत तशाच होत्या.

घरच्या तरुण वाचकांसाठी सांगतो. ट्रेसर म्हणजे दुसऱ्याने पेन्सिलीने केलेल्या ड्रॉइंगवर अर्धपारदर्शक कागद पसरून खालची रेघ शाईने वर घेणारा माणूस. चुकलं की दाढीच्या ब्लेडने शाई हलकेच खरवडायची, कागद नखाने घोटून गुळगुळीत करायचा आणि त्याच जागी पुन्हा रेघ मारायची. या घोटण्यासाठी पेंटरने उजव्या अंगठ्याचं नख वाढवलं होतं. वापरलेली ब्लेडं तो चहाच्या डब्यात साठवायचा आणि तो डबा कुणाला हात लावू द्यायचा नाही. एकतीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या रेघा वर घेतल्या. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे त्यातल्या बऱ्याच रेघा माझ्या.

तो कधी कशाची स्तुती करत नसे. एखादी गोष्ट खरोखर आवडली तर ‘चालतंय’ म्हणायचा. ‘छान’ हा शब्द त्याने वाईट चित्रांसाठी राखून ठेवला होता. मॅनेजरसाहेबांच्या पत्नीने काचेवर रंगवलेले मोर ऑफिसात आणले, तेव्हा त्याने ते बराच वेळ बघितले आणि मनापासून ‘छान’ म्हणाला. बाई खूश झाल्या. आम्ही ड्रॉइंग बोर्डांमागे तोंडं लपवली. मीही जलरंगात चित्रं काढायचो, आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत गणपतीच्या दिवसांत त्यांचं प्रदर्शन मांडायचो. तो दरवर्षी यायचा, एकेका चित्रासमोर उभा राहायचा, आणि त्या सगळ्या वर्षांत मला किती ‘छान’ मिळाले ते मी इथे सांगत नाही.

तो स्वतः फक्त रविवारी रंगवायचा, फक्त आरेत, आणि फक्त एका बोर्डावर. तीन बाय दोनचा प्लायवूडचा तुकडा. तो म्हशींच्या एका युनिटवर, म्हणजे तबेल्यावर, वैरणीच्या खोलीत ठेवलेला असे. पेंटर पवईकडून बसने यायचा, मी गोरेगावकडून. युनिटवर झाडलोट करणारी जवळच्या पाड्यावरची एक बाई होती, तिला आम्ही दोघंही मावशी म्हणायचो. वैरणीच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला असे. ती बोर्ड काढून द्यायची, पेंटर तो दोन दगडांवर टेकवायचा, आणि मग पहिला अर्धा तास रंगवणं नाही, खरवडणं. भिंतीला लांबी, म्हणजे पुट्टी, भरायच्या पत्र्याने तो मागच्या रविवारचं चित्र काढून टाकायचा. सगळं नाही. कुठे कुठे उंचवटे ठेवायचा, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात द्यायचा, म्हणजे खालचं धूसर दिसत राही. मग ऑइलपेंटच्या छोट्या डब्यांतून रंग घेऊन समोरचं तेच: म्हशी, लोखंडी दांड्या, कौलं, गवताचा ढीग. दुपारी बोर्ड पुन्हा खोलीत.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा जीव कळवळला. एवढं चांगलं चित्र, आणि खरवडतोस? त्याने हात न थांबवता मला विचारलं, तू रोज दाढी करतोस ना, कापलेली जपून ठेवतोस का?

विहारातल्या एका वक्त्याने याचा संबंध अनित्यतेशी जोडला. मीही एकदा तसंच म्हणालो होतो. त्यावर तो वैतागला. “अनित्य बिनित्य काय नाय रे. घर दहा बाय बारा. चित्रं ठेवू कुठं, डोक्यावर?” पण हेही खरं नसावं, कारण पुढे त्याची मुलगी नोकरीला लागली, दोन खोल्यांची जागा झाली, तरी बोर्ड एकच राहिला आणि भिंतीवर चित्र आलं नाही. एक नुसता खिळा होता. विचारलं तर म्हणाला, तो आधीपासूनच होता.

त्याला काय हवं होतं ते मला एका प्रदर्शनात थोडंसं कळलं. मी त्याला बळेच शहरात चित्रांच्या एका गॅलरीत नेलं होतं. तिथे एक तरुण चित्रकार आपल्या मोठ्या कॅनव्हासजवळ उभा होता. पेंटरने कॅनव्हासला नाक लावून त्याला विचारलं, याच्या खाली काय आहे? मुलगा शहर, एकटेपणा वगैरे सांगू लागला. पेंटरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तसं नाही, खाली, कापडावर. मुलगा म्हणाला, खाली काही नाही, कोरं. परतताना पेंटर म्हणाला, “कोऱ्यावर कसं जमतं रे या लोकांना? मला खाली मागच्या रविवारची चूक लागते. ती हाताला टोचली की कळतं आज कुठं जायचं.” सबंध आयुष्यात आपल्या कामाबद्दल तो माझ्याशी एवढंच सरळ बोलला.

आता ती गोष्ट.

अठरा वर्षांपूर्वी, कारखाना बंद होऊन काही वर्षं झाल्यावर, एका रविवारी त्याने एक चित्र काढलं. म्हैस पाठमोरी, बाजूला गवताचा भारा उतरवणारी मावशी, आणि म्हशीच्या पाठीवर सकाळचं ऊन. ते ऊन त्याने रंगवलं नव्हतं. वरचा काळा रंग ओला असताना नखाने ओरखडून खालच्या रविवारचा पिवळा वर आणला होता. चाळीस वर्षं जलरंगात बुडवून मला जे सापडलं नाही ते त्याने नखाने केलं होतं, आणि पुढच्या रविवारी तो ते खरवडणार होता. तो स्वतःसुद्धा त्या चित्राकडे बघून म्हणाला, “चालतंय.”

मंगळवारी मी तेवढाच प्लायवूड कापून घेतला, पांढऱ्याचे हात दिले, कडा मळवल्या. गुरुवारी रिक्षाने युनिटवर गेलो. मावशीला सांगितलं, पेंटरचे रंग बघायचे आहेत, किल्ली दे. तिने दिली आणि ती शेण काढायला गेली. मी बोर्ड बदलला, नवा भिंतीकडे तोंड करून ठेवला. नवा फार नवा दिसत होता, म्हणून त्याच्या कडांना थोडं शेण लावलं. जुना चादरीत गुंडाळून घरी आणला आणि कपाटामागे ठेवला. घरी सांगितलं, पेंटरने भेट दिला.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगायचो की मी ते चित्र वाचवलं. वाचवणं हा शब्द मला नंतर सापडला. त्या गुरुवारी मला ते फक्त हवं होतं.

रविवारी मी मुद्दाम वेळेवर गेलो. पेंटरने नवा बोर्ड दोन्ही हातांनी उचलला आणि लगेच खाली ठेवला. पुढची बाजू बघायच्या आधी वजनावरूनच त्याला कळलं. इतक्या वर्षांचे थर त्या जुन्या फळीवर होते. हिच्यावर काहीच नव्हतं. “हा नाय,” तो म्हणाला. मावशीने कोपरे धुंडाळले, गवताचे भारे हलवले. ती रडवेली झाली होती. मी तिथे काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मी जे बोललो ते असं की चुलीला लाकूड कमी पडलं असेल, कुणीतरी जाळला असेल आणि भीतीने दुसरा आणून ठेवला असेल. कुणीतरी म्हणताना मी मावशीकडे बघितलं. तबेल्याचा मालक तिथेच दूध मोजून घेत होता. त्याने ऐकलं.

पेंटर त्यानंतर आरेत रंगवायला आला नाही. त्याने कुठेच काही रंगवलं नाही. मंडळी विचारत, तेव्हा मी चुलीची गोष्ट सांगायचो. सांगून सांगून तिला आकार आला, त्यात पाणी तापवायचा बंबही आला. आमची मैत्री तशीच राहिली. महिन्या-दोन महिन्यांनी मी घाटकोपरला जायचो, आम्ही चहा प्यायचो, तो गॅलरीतून समोरच्या इमारतीकडे एक डोळा मिटून बघत बसायचा. बोर्डाबद्दल त्याने कधी एक शब्द काढला नाही.

गेल्या वर्षी आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि घर रिकामं करावं लागलं. कपाट हललं, बोर्ड उजेडात आला. मी तो अधूनमधून काढून बघायचो, पण ट्यूबलाइटमध्ये, दार लावून. त्या दिवशी खिडकीचे पडदे उतरवलेले होते. सबंध उजेडात बघितलं तर म्हशीच्या पाठीवरून एक आडवी रेघ गेलेली. आधी वाटलं ओरखडा आहे. ती लोखंडी दांडी होती, त्याच्याही आधीच्या रविवारची. मावशीच्या भाऱ्यातून कौलाची कड वर येत होती. वरचा हात पातळच होता. खालची चित्रं हळूहळू वर सरकत होती. मी जे चोरलं होतं ते माझ्याजवळही राहिलं नव्हतं.

सामान हलवणाऱ्या माणसाने विचारलं, हे ठेवायचं की टाकायचं? मी टॅक्सी बोलावली.

पेंटर तेव्हा ऐंशीचा. हात कापायचे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मुलीने दार उघडलं, म्हणाली, काका, हे काय आणलंत? मी चादर सोडली आणि बोर्ड त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने चित्राकडे बघितलं नाही. कडेवरून नख फिरवलं, एकावर एक बसलेले थर मोजल्यासारखं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी सगळं सांगितलं. मंगळवार, गुरुवार, शेण, चूल. माझं बोलणं संपेपर्यंत त्याचं नख फिरत होतं.

“अठरा वर्षं तू एकच चित्र बघतोयस?” तो म्हणाला. “कंटाळा नाय आला?”

मी म्हणालो, मागितलं असतं तर दिलं असतंस का?

“नसतं,” तो म्हणाला. “मावशीला सांगितलंस?”

मी नकारार्थी मान हलवली.

“आधी तिला सांगून ये. मग ज्यांना ज्यांना ती चूल सांगितलीस त्यांना सांग. बोर्ड राहू दे इथं.”

मी तिला माहीत नसलेली गोष्ट सांगायला चाललो आहे अशा समजुतीत पेढ्यांचा पुडा घेऊन आरेत गेलो. मावशी पाड्यावर घराबाहेर खाटेवर बसली होती. थकली होती, पण मला तिने लगेच ओळखलं. मी सांगू लागलो. तिने मध्येच थांबवलं.

“फळीला शेण बोटानं लावलं होतं,” ती म्हणाली. “गोठ्यातल्या फळीला शेण असं लागत नाय. शिंतोडे उडतात, खालून वर. आणि त्या आठवड्यात खोलीची किल्ली तूच मागितली होतीस. मी त्याला तेव्हाच बोलले, तुझ्या दोस्ताचं काम आहे.”

तिने पुढचंही सांगितलं, अगदी सरळ आवाजात, कुणा तिसऱ्याचं सांगावं तसं. मालकाने त्याच दिवशी किल्ली काढून घेतली. नळावरच्या बायका तिला चूलवाली म्हणायला लागल्या. अजूनही एक म्हणते. पुढच्या आठवड्यात पेंटर एकटा मालकाकडे गेला आणि म्हणाला, हिने जाळला नाही. मालकाने विचारलं, मग कोणी? तर तो गप्प उभा राहिला.

“तुझं नाव नाय घेतलं त्यानं. माझ्याकडं बघितलं, खाली बघितलं, आणि गेला. परत आलाच नाय.” ती पेढ्यांचा पुडा खाटेखाली सारत म्हणाली, “यायला हवं होतं. मी काय बोलले नसते.”

म्हणजे बोर्ड गेला म्हणून त्याने चित्रं सोडली अशी अठरा वर्षं माझीसुद्धा समजूत होती. बोर्ड काय, त्याने दुसरा जमवला असता, दहा रविवारांत त्यावरही थर चढले असते. त्याला ती जागाच उरली नव्हती. मला वाचवायला तो तिच्यासमोर गप्प राहिला, आणि मग तिला तोंड दाखवू शकला नाही. ही माझ्या मैत्रीची किंमत होती आणि ती त्या दोघांनी भरली.

मी निघताना मालकाकडे गेलो. जुना मालक वारला होता. त्याच्या मुलाला सांगितलं. त्याने मोबाइलमधून मान वर केली आणि म्हणाला, कोणती फळी?

घाटकोपरला परत गेलो तेव्हा पेंटरने विचारलं, काय म्हणाली? मी सगळं सांगितलं. किल्लीचं सांगितल्यावर तो हं म्हणाला. तू यायला हवं होतंस असं म्हणाली, हे सांगितल्यावर तो समोरच्या इमारतीकडे बघू लागला. तिलाही पुनर्विकासासाठी हिरवी जाळी लावली होती. मग त्याने मुलीला खालून रंगाचे नवे डबे आणायला आणि माळ्यावरून जुनी पिशवी काढायला सांगितली आणि लांबी भरायचा पत्रा माझ्या हातात दिला.

“माझा हात नाय चालत. तू खरवड. पण सगळं नको.”

मी खरवडलं. आधी भारा, मग मावशीची पाठ, मग दांड्या. रंग वाळून कडक झाला होता, त्याच्या खपल्या वर्तमानपत्रावर पडत होत्या. मुलगी दारात उभी राहून बघत होती. तिने वडलांना रंगवताना लहानपणी एकदाच बघितलं होतं. म्हशीच्या पाठीवरच्या उन्हापाशी मी आलो आणि पत्रा बाजूने फिरवला. तळहाताएवढा तुकडा राहू दिला. मग पांढऱ्याचा पातळ हात दिला, तो त्या तुकड्यापर्यंत नेऊन थांबवला. हे सगळं मी त्याच्याकडे न बघता केलं.

त्याने बोर्डावरून तळवा फिरवला. तुकड्यापाशी हात थांबला.

“हे काय?”

“तूच म्हणालास, सगळं नको.”

“काय राहू द्यायचं ते तू ठरवणार?”

मी पत्रा पुन्हा उचलला, पण त्याने हात आडवा धरला. जाड ब्रश घेतला, हिरव्यात बुडवला. हात एवढा कापत होता की थेंब बनियनवर पडले. त्याने समोरच्या जाळीकडे एक डोळा मिटून बघितलं आणि पहिला फटकारा बरोबर त्या उन्हावर मारला. मग त्या तुकड्याच्या कडेच्या उंचवट्यावर नख टेकवून तिथून खाली एक रेघ ओढली. वाकडी आली. तो तिच्याकडे बघत बसला आणि मला माहीत आहे, त्याला ती आवडली.

तेव्हापासून मी दर रविवारी जायचो. मी खरवडायचो, तो रंगवायचा. जाळी, बांबू, वर चढणारी माणसं. त्याला अर्धाच तास बसवत असे. दर रविवारी ब्रश खाली ठेवताना तो विचारायचा, बाकीच्यांना सांगितलंस? मी म्हणायचो, सांगतो. सहलीत सांगतो, मीटिंगमध्ये सांगतो. मावशीला सांगणं सोपं होतं, तिला माहीतच होतं. तुम्हाला माहीत नव्हतं.

तो जाईपर्यंत असे अकरा रविवार झाले. दहा रविवार त्याने विचारलं. अकराव्या रविवारी विचारलं नाही. ब्रश माझ्याकडे दिला, म्हणाला धुऊन ठेव, आणि तोंड फिरवून जाळीकडे बघत बसला.